आतल्या बाजूचं बटण

सकाळी अंगावर एकूण किती बटणं लावलीत, असं कुणी विचारलं तर आपण शर्टाची मोजून मोकळे होतो. पँटच्या कमरेचा चपटा हूक, त्याच्या आतलं छोटं बटण, चेनवरची पट्टी, ब्लाऊजचे पाच हूक, हे कुणी मोजत नाही. दिसूच नये म्हणून ते शिवलेलं असतं. शिंप्याचं कसब मात्र तिथेच पणाला लागतं.

माझे वडील भिंगारला शिलाईकाम करत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. भिंगार म्हणजे नगरची छावणी. २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडी अजून नगरच येतं. चिलखती दलाचं केंद्र इथे १९४८ पासून आहे. रणगाड्यावरच्या जवानाची काळी डांगरी दुरुस्तीला आली की अण्णा मला ती उलटी करून दाखवत. रणगाड्याच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करताना वर आलेलं बटण कुठेही अडकेल, म्हणून बटण असो की चेन, ती पट्टीखाली हवी, असं त्यांचं म्हणणं. आणि ‘डांगरी’ हा शब्द साहेबाचा वाटतो खरा, पण त्या जाड्याभरड्या कापडाला नाव मिळालं ते आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून!

शब्दांची अशी गंमत या धंद्यात फार. ‘काज’ पोर्तुगीजांकडून आलं. त्यांच्या भाषेत ‘काझा’ म्हणजे घर, आणि बटणाचंही घर तेच. ‘नेफा’ आणि ‘अस्तर’ फारसीतून आले. ‘गुंडी’ आपली, पण तिला आता कुणी विचारत नाही. दाबल्यावर टिच् वाजतं ते टिचबटण. त्याच्या दोन अर्ध्यांना अण्णा नर आणि मादी म्हणत. लपवलेल्या वस्तूला मात्र मराठीत सरसकट ‘चोर’ लागतो. चोरखिसा, चोरकप्पा आपण सगळेच म्हणतो, अण्णा चोरबटणही म्हणत. दोन रांगा बटणांचा कोट आठवून पाहा. त्यातली काही बटणं निव्वळ शोभेची असतात. आतला पदर खाली लोंबू नये म्हणून त्याला धरून ठेवणारं बटण आतल्या अंगाला असतं. सगळा भार त्याच्यावर आणि नाव काय, तर चोर! बंद गळ्याच्या कोटाचंही तेच. कॉलरची दोन टोकं समोरासमोर नेमकी येतात, ती आतल्या एका बारीक हुकामुळे.

ही युक्ती साहेबाच्या कोटाबरोबर आली असंही नाही. बाराबंदीला बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. आधी आतला पदर आतल्या बंदांनी बांधायचा, मग बाहेरचा. बायकांच्या जुन्या चोळीला तर काहीच नव्हतं, समोर गाठ मारली की झालं. पुढे पोलकी, झंपर आले आणि गाठीच्या जागी बटणं आणि हूक आले.

हुकाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तो ताणावर धरतो. कापड सैल पडलं की आपोआप सुटतो. म्हणून ढगळ ब्लाऊजचे हूक सारखे निघतात, आणि बाई बिचारी शिंप्याच्या दोऱ्याला नावं ठेवते. सुटू नये म्हणून एखादा हूक मुद्दाम उलट्या बाजूने लावायचा, हे मला अण्णांनी शिकवलं. मी ते पुढे तीस वर्षं शिवणवर्गात मुलींना शिकवलं.

तरीही घरातली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला महिना लागला. चार वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. आंघोळीनंतर ती खांद्यावर शाल घेऊन बसून राहायची, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. थंडी वाजत असेल, असं आम्ही समजलो. एका दुपारी शाल घसरली तेव्हा कळलं. हूक लागत नव्हते, आणि सुनेला रोज हाक मारायची तिला लाज वाटत होती.

आधी मी टिचबटणं लावून पाहिली. ती दाबायला मागून आधार लागतो, एका हाताने जमेनात. मग वेल्क्रो. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं पाहून ते शोधलं आणि १९५५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मी सबंध पट्टी लावली, तर ती आईला टोचायची आणि साडीचे धागे ओढायची. शेवटी चार छोटे चौकोन कापले. मऊ बाजू वरच्या पट्टीला आतून, म्हणजे अंगाकडे. खरखरीत बाजू खालच्या पट्टीवर, अंगापासून उलट्या दिशेला. धुताना चौकोन चिकटवूनच टाकायचे, नाहीतर त्यात कापडाचा भुगा बसतो. घालताना डाव्या तळहाताने छातीवर दाबलं की काम झालं. वरून पाहणाऱ्याला तो जुनाच ब्लाऊज वाटतो. आईची अट तीच होती.

काढताना मात्र ते वाजतं. त्याला आईने ‘खरखऱ्या’ नाव ठेवलंय. परवा माझी भाची नवा ब्लाऊज शिवायला बसली, तेव्हा आईने आतूनच सांगितलं, “हूक लावू नकोस गं. मला खरखऱ्याच लाव.”