आम्हाला कशाला तपासणी?

चुलीपाशी असाल, गोठ्यात असाल, नाहीतर बांधावर बसून भाकरी खात असाल. घरात पुरुष माणसं असतील तर त्यांनाही ऐकू द्या, रेडिओचा आवाज बारीक करू नका. हा विषय निघाला की आवाज बारीक करायची आपल्या सगळ्यांना सवय आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

विषय एचआयव्हीचा आहे. मागच्या महिन्यात सोमवारच्या बैठकीला आशाताई आल्या होत्या. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते. एकदा सगळ्यांनी करून घ्या, आणि मालकांनाही घेऊन या." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक काकू म्हणाल्या, "आम्हाला कशाला? आम्ही काय तसल्या बाया आहोत का?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलायचं.

पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे, आणि तेही आपल्या पुण्यात. ते आपल्यापर्यंत पोचलं नाही एवढंच.

आपल्या देशात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली १९८६ साली, चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये. ज्यांच्या रक्तात सापडली त्या शरीरविक्रय करणाऱ्या बायका होत्या. हा आजार त्यांचा आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांचा, घरातल्या बाईचा त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत तेव्हापासून घट्ट बसली. पुढे १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या तेव्हाच्या इंग्रजी नावातली पहिली अक्षरं जोडली की 'नारी' व्हायचं. मुद्दाम ठेवलं की आपोआप झालं कोण जाणे, पण नाव बरोबर बसलं.

तिथल्या डॉक्टरांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची माहिती घेतली आणि रक्त तपासलं. त्यातल्या ५२५ जणी शरीरविक्रय करणाऱ्या होत्या. राहिलेल्या ३९१ तुमच्या-आमच्यासारख्या, बहुतेक लग्न झालेल्या. अंगावरून जातंय, खाज सुटतेय, जखम झालीय म्हणून आलेल्या. या ३९१ बायकांत शंभराला तेरा-चौदा जणींना एचआयव्ही निघाला. आणि त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता. तो म्हणजे त्यांचा नवरा. नवऱ्याला गुप्तरोग होता, तो घरात आला, आणि बाईला काही कळायच्या आत एचआयव्हीही आला. डॉक्टर रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये अमेरिकेच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. एकनिष्ठ राहिलेल्या विवाहित बायकांमध्ये एचआयव्ही पसरतोय, असं मथळ्यातच लिहिलं.

आता हा आकडा नीट ऐका. आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा एकजण घाबरून म्हणाली, "म्हणजे आपल्यात बसलेल्या बारा जणींत एक-दोघी?" तसं नाही. या बायका आधीच त्रास होता म्हणून त्या दवाखान्यात आल्या होत्या, आणि तो काळही वेगळा होता. गावातल्या सगळ्या बायकांना हा आकडा लावायचा नाही. त्यातून घ्यायचं ते इतकंच की बाईच्या वागणुकीवरून तिच्या रक्ताचा अंदाज बांधता येत नाही.

मग नवऱ्यावर संशय घ्यायचा का, असंही एकीनं विचारलं. आम्हाला वाटतं, संशय घेण्यापेक्षा तपासणी सोपी. संशयाला पुरावा लागतो, भांडण लागतं. तपासणीला थोडंसं रक्त लागतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्याबद्दल बरी नाही. जिची आहे तिला विचारून सांगतोय, नाव-गाव सांगणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही गटाच्या वह्या लिहायला नुकती सुरुवात केली होती. गटातल्या एका वहिनींचे मालक गेले. टीबीनं गेले असं सगळे म्हणत होते. नंतर वहिनींची तपासणी झाली आणि त्यांना एचआयव्ही असल्याचं निघालं. दवाखान्यातून बातमी कशी फुटली ते आजवर कळलं नाही. बैठकीत त्यांचा चहाचा कप वेगळा झाला. कपानं, ताटानं, शेजारी बसल्यानं हा आजार होत नाही हे तेव्हाही पोस्टरवर लिहिलेलं होतं. आम्ही वाचलंही होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी शेळ्यांसाठी कर्ज मागितलं, तर एकजण म्हणाली, "हिचा काय भरवसा? फेडायच्या आधीच..." वाक्य पुरं केलं नाही, पण सगळ्यांना समजलं. त्यांची बचत व्याजासकट परत दिली आणि नाव कमी केलं. त्यांनी पैसे मोजले, अंगठा नको म्हणून सही केली, आणि गेल्या. तो ठराव आमच्याच अक्षरात आहे.

त्याच सुमाराला, २०११ मध्ये, एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला होता. आम्हाला तो फार उशिरा कळला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती. आपल्याकडचं काम पुण्यात आणि चेन्नईत चाललं. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. निम्म्या जोडप्यांत लागण असलेल्याला लगेच गोळ्या सुरू केल्या. बाकीच्यांत तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे रक्तातल्या सीडीफोर पेशी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशी, खूप कमी झाल्यावर. निरोध आणि सल्ला सगळ्यांनाच दिला. मध्येच हिशोब तपासला, तर जोडीदाराकडूनच लागण झाली असं पक्कं ठरलेली माणसं निघाली २८. त्यातली २७ उशिरा गोळ्या मिळालेल्या जोडप्यांतली. लगेच गोळ्या मिळालेल्यांत फक्त एक.

आम्ही हा आकडा वहीत लिहून घेतला आणि दोनदा वाचला. २७ आणि १. निकाल इतका स्पष्ट होता की ठरल्या वेळेची वाट न बघता तो जाहीर केला आणि उरलेल्यांनाही गोळ्या देऊ केल्या. म्हणजे ज्या गोळीनं आजारी माणूस जगतो, तीच गोळी जोडीदारालाही वाचवते. पुढच्या अभ्यासांतून आणखी पक्कं झालं, की रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. मात्र गोळी सोडली की विषाणू परत वाढतो. आणि दुसरे गुप्तरोग गोळीनं थांबत नाहीत, त्यासाठी निरोध लागतोच.

आपल्या सरकारनं ही औषधं २००४ पासून फुकट द्यायला सुरुवात केली. आधी सीडीफोर किती ते बघून देत. २०१७ पासून तपासणीत निघालं की लगेच सुरू करतात. गरोदर बाईनं तर अजिबात वेळ घालवू नये. औषध नसेल तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होऊ शकते. औषध वेळेवर असेल तर पाचाच्या आत.

तपासणीबद्दल थोडं. तुमच्या संमतीशिवाय ती करत नाहीत आणि निकाल तुमचा तुम्हालाच सांगतात. धोका अलीकडचाच असेल तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, तीन महिन्यांनी परत करावी लागते. काही विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

आणि २०१७ चा कायदा आहे, तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंना गर्भपिशवीच्या ऑपरेशनला एका खासगी दवाखान्यानं "मोठ्या ठिकाणी जा" म्हणून परत पाठवलं होतं. हातमोजे, निर्जंतुक हत्यारं ही काळजी प्रत्येक पेशंटच्या वेळी घ्यायचीच असते, कारण कितीतरी जणांना आपल्याला काय आहे हेच माहीत नसतं. मग माहीत असलेल्या बाईलाच का परत पाठवायचं? तेव्हा आम्ही हे विचारलं नाही. आता विचारू.

वहिनींचं सांगायचं राहिलं. त्या आहेत. रोज रात्री गोळी घेतात. शेळ्या त्यांनी भावाकडून उसने घेऊन घेतल्या, आता सात आहेत. मुलगी नर्सिंगला आहे. आणि त्या वर्षी ज्यांना आम्ही भरवशाच्या म्हणून कर्ज दिलं, त्यांतल्या दोघींचे हप्ते अजून थकलेले आहेत.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघी त्यांच्याकडे गेलो. परत गटात या म्हटलं. त्यांनी चहा ठेवला, आम्ही प्यायलो. त्या म्हणाल्या, "आधी तो जुना ठराव दाखवा मला." येत्या बैठकीत तो रद्द करायचा विषय घेतला आहे. त्या येणार का, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आम्ही तपासणीला जाणार आहोत. नऊ जणींनी आणि चार मालकांनी नावं दिली आहेत. काकूंनीही दिलं आहे. काकांना मात्र अजून विचारलेलं नाही, म्हणतात. जीप साडेनऊला देवळापासून सुटेल.