दक्षिण कोरियातील अविवाहित मातांची एकजूट



दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून सुमारे दोन लाख मुले दत्तक म्हणून परदेशी धाडली गेली. युद्धातील अनाथांपासून सुरू झालेला हा ओघ युद्ध थांबल्यावरही आटला नाही. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य मुले अविवाहित मातांची होती. या मातांना मूल नकोच असते, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात गर्भारपण उघड होताच नोकरी जाई, माहेरचे दार बंद होई आणि बाळंतपणासाठी जे आश्रयगृह मिळे ते पुष्कळदा दत्तक संस्थेनेच चालविलेले असे. अनाथाश्रमाला एका मुलामागे मिळणारे सरकारी अनुदान आईला मिळणाऱ्या मदतीच्या कितीतरी पट होते!

ही कोंडी मातांनीच फोडली. मूल जवळ ठेवणाऱ्या मोजक्या स्त्रिया एकमेकींना शोधू लागल्या. खोली कोठे मिळेल, शाळेत बापाविषयी काय सांगावे, अशा विचारपुशीतून संघटना उभी राहिली. ११ मे हा तेथील दत्तक दिन. २०११ साली नेमक्या त्याच दिवशी या मातांनी, परदेशातून परतलेल्या प्रौढ दत्तकांच्या साथीने, पहिला एकल माता दिन पाळला. ऑगस्ट २०१२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने जन्मानंतर सात दिवस उलटल्याखेरीज आईची संमती घेण्यास मनाई केली, न्यायालयाची मंजुरीही सक्तीची केली.

पूर्वी प्रसूतीआधीच सही घेतली जाई. म्हणून सात दिवसही थोडे नव्हेत. मात्र आठव्या दिवशी घरभाडे कोठून आणावे आणि तान्हे मूल कोणाकडे सोपवून कामावर जावे, याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.