शेणखत आणि बागेंतील गांडूळ

बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन वैशाखांत भेगाळते. मेहकर-चिखलीच्या पठारावरील मातीहि तेव्हां कोरडी ठणठणीत पडते. मग गांडुळें जातात कोठें? तीं सारींच मरतात असें नव्हे. खोल ओल असेल तेथें लहानशी पोकळी करून, अंगाचें वेटोळें घालून तीं निजतात आणि मृगाच्या सरी आल्या कीं वर येतात. त्या भुकेल्या पाहुण्यापुढें बागवान काय वाढतो, यावर मातीचें पुढील वर्ष अवलंबून असतें.

शेण जितकें ताजें तितकें जोरकस, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणून गोठ्यांतील शेण थेट वांगी-मिरचीच्या वाफ्यांत पडतें. परंतु गांडुळास फुप्फुसें नाहींत. तें ओल्या कातडीनेंच श्वास घेतें. ताज्या शेणाचा ढीग कुजूं लागला कीं त्याची उष्णता ६० अंशांवरहि चढते, त्यांतून अमोनिया वायु सुटतो आणि मूत्रांतील क्षार कातडीस झोंबतात. अशा वाफ्यांतून गांडूळ पळतें. पळतां न आलें तर मरतें. कोंबड्यांची विष्ठा या बाबतींत फारच तीव्र, घोड्याची लीदहि तापट. गाई-म्हशींचें शेण त्या मानानें सौम्य. शेगांव-संग्रामपूरकडील खारपाणपट्ट्यांत तर क्षारांची ही भर अधिकच जपून घातली पाहिजे.

धनगरांची मेंढरें उन्हाळ्यांत शेतांत बसविण्याची जुनी चाल मात्र यांत सहज बसते. त्या वेळीं गांडुळें खोल निजलेलीं असतात आणि पावसापर्यंत लेंड्यांचा कढ उतरतो.

गांडुळाची योग्यता चार्ल्स डार्विननें १८८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविली. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं एकरामागें वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून वर येते, असा त्याचा हिशेब होता. वऱ्हाडच्या चिकण मातीस त्यांच्या बिळांचा उपयोग आणखी मोठा : त्या वाटांनीं पाणी आंत मुरतें आणि मुळांस हवा मिळते.

तेव्हां शेण टाकावयाचें नाहीं काय? टाकावयाचें, पण मुरवून. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूरच्या संस्थेंत याची रीत बसविली, आणि माळव्याची ती जमीनहि कपाशीची काळीच होती. पऱ्हाट्या व तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चेंचावयाच्या, मग पालापाचोळा, शेण आणि गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती यांचे थर देऊन ओल राखावयाची. दोनतीनदां ढीग चाळविला कीं सुमारें ९० दिवसांत खत तयार. शेणाचा वास जाऊन मातीचा वास आला आणि ढिगांत घातलेला हात भाजेनासा झाला, कीं तें मुरलें. तरीहि शंका वाटल्यास ओलसर खताच्या मुठीवर चार गांडुळें सोडावीं; तीं आंत शिरलीं तर खत बागेस योग्य, बाहेर पळालीं तर अजून थांबावें.

बाजारांतून गांडुळें आणून वाफ्यांत सोडण्यानें हें काम टळत नाहीं. गांडूळखतासाठीं बहुधा पाळली जाणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही परकी जात खताच्या ढिगांतच रमते. निव्वळ मातींत ती टिकत नाहीं. माती पोखरणारीं देशी गांडुळें निराळीं, आणि त्यांस आणावें लागत नाहीं. मुरलेलें खत, वर पाचोळ्याचें पांघरूण आणि थोडी ओल मिळाली कीं तीं आपण होऊन वाढतात.

पूर्वी गांवोगांव शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलींत जाई. चूल पेटवावीच लागे, त्यामुळें त्या गृहिणीस दोष देतां येत नाहीं. पुढें गॅस आला, पण त्याच सुमारास ट्रॅक्टर येऊन गोठ्यांतले बैलहि कमी झाले. म्हणून उरलेल्या शेणाची प्रत्येक पाटी मोलाची. ती ताजी फेंकली तर नत्र उन्हांत उडून जातें आणि गांडूळहि जातें. तीन महिने धीर धरला तर दोन्हीं घरांत राहतात.