वहिनीचे पापड आणि माझी जाहिरात
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू कॉम्प्युटरवाली, घरगुती धंद्याच्या ऑनलाइन जाहिरातीबद्दल बोल,’ असं मला सांगण्यात आलं. आपल्यातल्या कितीतरी जणी मसाले, पापड, दिवाळीचा फराळ विकतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आधी माझी फजिती सांगते.

कुंभिवलीत माझी वहिनी पोह्याचे पापड करते. पाव किलोचं पाकीट 120 रुपयांना. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ‘जाहिरात माझ्यावर सोड.’ तिच्या विक्रीतलेच 1500 रुपये घेतले आणि फेसबुकवर जाहिरात दिली : ‘अस्सल गावरान चव! उत्कृष्ट दर्जा! मधुमेहींसाठीही उत्तम!’ कुठे दिसावी, तर अख्ख्या महाराष्ट्रात. पाच दिवसांत 300 लाइक आले. ऑर्डरी दोनच, त्यातली एक आमच्या मावशीची. नागपूरहून कुणी विचारलं, तर पापडापेक्षा कुरिअर महाग, आणि पोचेपर्यंत चुरा. वहिनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘बारा पाकिटांचे पैसे गेले गं.’ ते मला जास्त लागलं.

परत ठाण्याला निघाले आणि गाडी बदलायला कर्जतला उतरले. दिवाडकरांचा वडा आपण लहानपणापासून खातो. चव तर आहेच, पण जागाही बघा. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती कर्जतला. तेवढा वेळ गाडी थांबते, भुकेलेला माणूस खिडकीशी असतो आणि वडा गरम असतो. विकणारा ‘उत्कृष्ट दर्जा’ असं ओरडत नाही. काय आहे, केवढ्याला आहे, एवढंच सांगतो. मी मात्र जिथे गाडीच थांबत नाही तिथे ओरडत होते.

दुसऱ्या वेळी मी काही रचलं नाही. वहिनी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होती, ते उतरवून घेतलं : ‘पोह्याचे पापड. याच आठवड्यात केलेत, कडक उन्हात वाळवलेत. पाव किलो 120 रुपये. गुरुवारपर्यंत सांगा, शनिवारी खोपोली स्टेशनबाहेर मिळतील. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा.’ सोबत अंगणात काढलेला एकच फोटो : एक कच्चा पापड, एक तळलेला. जाहिरात खोपोलीभोवतीच्या 20 किलोमीटरपुरतीच ठेवली. त्यावर बोट ठेवलं की थेट वहिनीचं व्हॉट्सअॅप उघडायचं. रोज 100 रुपये, पाच दिवस. या वेळी लाइक आले 19 आणि पाकिटं गेली 31. तेव्हापासून मी लाइक मोजत नाही, पाकिटं मोजते.

‘मधुमेहींसाठी’ हे शब्द वहिनीनेच काढायला लावले. ‘मी काय डॉक्टर आहे?’ म्हणाली. तिचं बरोबर होतं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. शिवाय खाण्याचा पदार्थ घरी केला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापा. गिऱ्हाइकालाही त्याने धीर येतो.

निबंधाच्या वहीत बाई लाल शाईने ‘पाल्हाळ नको’ असं लिहायच्या. बाई, इंजिनिअर होऊनही मला ते वहिनीच्या 1500 रुपयांत पुन्हा शिकावं लागलं. आपला माल आपण जितका ओळखतो, तितका जाहिरात लिहून देणारा कधीच ओळखत नाही. म्हणून शब्द आपलेच वापरा. कुठे दाखवायचं, कुणाला दाखवायचं, एवढ्यासाठी आमच्यासारख्यांना विचारा.

जिला जाहिरात करायची असेल तिने आज जेवताना माझ्या शेजारी बसावं. बोलायचं तिने, लिहून मी घेईन.