घोडा मागच्या पायांवर उभा राहतो तेव्हां

अश्वारूढ वीराच्या पुतळ्यांतील घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा असला म्हणजे पाहणाराचें मन उचंबळून येतें. खऱ्या घोड्याच्या स्वाराला मात्र त्या क्षणीं जीव मुठींत धरावा लागतो. मोठ्या घोड्याचें वजन ४००–५०० किलो. तोल जाऊन तो पाठीवर कोसळला, तर स्वार त्याच्याखालीं चिरडला जातो.

या वर्तनाला ‘खोड’ म्हणण्याची रूढि आहे, पण तो शब्द अन्यायाचा आहे. घोडा हा पळून जीव वांचविणारा प्राणी. पुढची वाट बंद झाली आणि मागेंही सरतां येईना, म्हणजे तो वर उठतो. आणि ती वाट पुष्कळदां स्वारच बंद करतो. माथेरानला प्रथमच घोड्यावर बसलेले एखादे गृहस्थ पाहा. भीतीनें लगाम छातीशीं ओढतात आणि त्याच वेळीं टाचांनीं घोड्याला ढोसतात. एक आज्ञा ‘थांब’, दुसरी ‘चल’. मुक्या जनावरानें पाळावी कोणती? तेथील घोडे सोशिक, म्हणून बहुधा निभावतें.

दुसरें कारण वेदना. लोखंडी कडियाळें जिभेवर आणि दातांमधल्या रिकाम्या हिरडीवर टेकतें. आडदांड हातांत तें शस्त्रच होतें. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात, खोगीर पाठीला रुततें. उठणाऱ्या घोड्याच्या डोक्यावर पाण्यानें भरलेली बाटली फोडावी, असा एक अघोरी उपाय पाश्चात्य देशांत पूर्वीं सांगत. त्यानें दुखणाऱ्या दाढेचें काय होणार? त्यापेक्षां ग्रीक सेनानी झेनोफन शहाणा. घोड्याशीं रागाच्या भरांत वागूं नये, हें त्यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतच लिहून ठेविलें.

उठण्यापूर्वीं घोडा सूचना देतो. चाल आखडते, मान ताठ होते, पुढचा भाग हलका लागतो आणि मागचे पाय जागीं रोवले जातात. पाय रोवल्यावांचून त्याला उठतां येत नाहीं. म्हणून याच वेळीं लगाम सैल सोडून त्यास पुढें चालवावें. पुढें जाईना, तर चारही पाय जमिनीवर असतांनाच लहानशा वर्तुळांत वळवावें. तो उठलाच, तर मानेवर पुढें झुका, हात पुढें न्या, आयाळ धरा. तोल सांवरण्यासाठीं लगामाला लोंबकळणें हीच बहुतेक अपघातांची सुरुवात. पुढचे पाय टेकतांच त्याला चालतें करा, मारूं नका.

एकदां उठलेल्या घोड्याचे दांत, पाठ व खोगीर पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. वेदनेचें कारण सांपडलें नाहीं, तर टाचेच्या हलक्या स्पर्शानें पुढें जाण्याचा पहिला धडा जाणत्या शिक्षकाकडून त्याला पुन्हां द्यावा. आणि तोंवर घरांतील मुलांना त्याच्या पाठीवर बसवूं नये.