आजीच्या खोलीत

ओव्याहून बोलतेय.

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा लागला, तेव्हा आम्ही जावा-जावा बघून आलो. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने नंतर तो मोबाईलवर चोरून पाहिला. त्यातली साखळदंडातली म्हातारी पाहिल्यापासून पोरगा सासूबाईंच्या खोलीत जाईना. त्या तीन वर्षं अंथरुणावर आहेत, उजवी बाजू गेलेली. नातू का येत नाही, हे त्यांना कळत होतं.

सिनेमाचा तो भाग नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेवर बेतलेला. तीही मूळची स्टीफन किंगची. धारप २००८ सालीच गेले, सिनेमा आला २०१८ला.

वाचनालयातून कथा आणली. घरात एकटं मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी. मला विचाराल तर सिनेमापेक्षा वाचतानाच जास्त भीती वाटते. पडद्यावर म्हातारीचा चेहरा दिसतो, किंचाळून मोकळं होता येतं. पुस्तकात दिसत काहीच नाही. आपणच पलीकडच्या खोलीकडे कान लावून बसतो.

आणि वाचता वाचता लक्षात आलं, मी तर रोज रात्री तेच करते. सासूबाईंचा श्वास चालू आहे ना, म्हणून.

मुलाला हे सांगितलं. म्हणाला, “आई, तुलापण भीती वाटते?”

“वाटते की.”

दुसऱ्या दिवशी पेला घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला. आत नाही गेला. तिथूनच म्हणाला, “आजी, पाणी.” सासूबाईंनी डावा हात पुढे केला.