धानाचा खर्च दोन तऱ्हांनी मांडा



धान निघाले की गावात प्रश्न निघतोच : यंदा क्विंटलमागे खर्च किती आला? एकजण बाराशे सांगतो, शेजारचा अठराशे सांगतो. बांधी सारखी, बियाणे सारखे, पीकही सारखे. मग खोटे कोण बोलतो? कोणीच नाही. हिशेबाची तऱ्हा निराळी, एवढेच.

खर्च दोन जातींचा असतो. रोवणी केली तरच येतो तो बदलता खर्च. बांधी पडीत ठेवली तरी चुकत नाही तो कायम खर्च.

एक एकराचा नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुम्ही आपले घाला. उत्पन्न 15 क्विंटल धरू.

बदलता खर्च : बियाणे 1,000, खत व औषध 3,500, चिखलणी 3,000, रोवणी व निंदण 5,500, कापणी व मळणी 5,000. एकूण 18,000 रुपये.

कायम खर्च : बैलजोडीचा चारापाणी 3,000, पंप-अवजारांची झीज 1,500, घरच्या माणसांची मेहनत 4,500. एकूण 9,000 रुपये.

नुसता बदलता खर्च धरला तर क्विंटलला 1,200 रुपये पडतात. दोन्ही धरले तर 1,800.

आता तुम्ही म्हणाल, यातला खरा कोणता? काम पाहून ठरवावे. समजा, रोवणीआधी अंदाज आला की भाव 1,700 च मिळेल. पूर्ण खर्चाने पाहिले तर एकरी 1,500 रुपये तोटा. म्हणून बांधी पडीत ठेवावी का? बैल तर खाणारच! पडीत ठेवल्यास 9,000 चा तोटा. म्हणजे त्या हंगामापुरती रोवणी केलेलीच बरी. उभ्या धानात उतेऱ्याची लाखोळी टाकतानाही एवढेच बघा : नवा खर्च किती आणि त्यातून येणार किती?

पण दरसाल असेच चालले, तर बैल म्हातारे झाल्यावर नवी जोडी कशातून घ्याल? म्हणून शेती टिकते की नाही, हे पूर्ण खर्चानेच पाहावे. आणि एक : घरची माणसे त्याच दिवसांत दुसरीकडे रोजीने गेली असती, तर ती रोजी बदलत्या खर्चात धरावी.

कोठीत धान शिल्लक असले की मोठी गफलत होते. समजा, 10 क्विंटल 2,369 रुपयांनी विकले; आले 23,690. पाच क्विंटल कोठीत. पूर्ण खर्चाने विकलेल्या धानाचे 18,000 वजा केले की नफा 5,690 दिसतो. दुसऱ्या तऱ्हेने 12,000 आणि वर्षाचे पूर्ण 9,000 वजा केले की नफा 2,690. तीन हजारांचा फरक गेला कुठे? तो कोठीतल्या धानावर चढून बसला आहे. ते धान विकल्याशिवाय हातात येत नाही. उंदरांनी खाल्ले किंवा ओल लागली तर तो नफाही गेला. अशा नफ्याच्या भरवशावर लग्नकार्याचे कर्ज काढू नये.

हमीभावाचा आकडाही असाच वाचावा. 2025-26 च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये आणि त्यामागे सरकारने धरलेला खर्च 1,579 रुपये होता. त्यात घरची मजुरी येते. मात्र स्वतःच्या जमिनीचा खंड व जमीन-अवजारांत गुंतलेल्या स्वतःच्या भांडवलाचे व्याज येत नाही. ते धरले की खर्च वाढतो.

तेव्हा एवढे करा :

1) वहीत दोन रकाने पाडा : बदलता आणि कायम.
2) खर्च त्याच दिवशी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्या.
3) घरच्या बायामाणसांची मेहनत फुकट धरू नका.
4) पीक घ्यायचे की नाही, हे पहिल्या रकान्यावर ठरवा. वर्षाचा नफा दोन्ही रकाने वजा करूनच मोजा.

येत्या हंगामात एका बांधीपासून तरी सुरुवात करावी, एवढे सांगून थांबतो.